लाखाच्या पुढची गाडी

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत एका प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींमधली ती शेवटची. शहरात टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. फियाट ११०० च्या साच्यातली ही गाडी कुर्ल्यात बनायची. तिचं उत्पादन थांबल्यानंतरही तिला दोन दशकं चालती ठेवली ती टॅक्सीवाल्यांनी आणि गल्लीबोळातल्या मिस्त्र्यांनी. ट्रॅफिकमध्ये दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, मे महिन्याच्या उकाड्यात, जुलैच्या पाण्यात ती चालली, आणि शेवटी तिला थांबवलं ते वयाच्या नियमाने.

मग गाडी म्हातारी कधी होते?

बाजारात याचं उत्तर एका शब्दात मिळतं: रनिंग. जुनी गाडी बघायला गेलेला माणूस मॉडेलचं वर्ष विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न टाकतो, ‘रनिंग किती झालंय?’ एक लाखाच्या आत असेल तर चेहरा खुलतो, पुढे असेल तर भाव पडतो. हा लाखाचा उंबरठा मनात बसायला जुन्या मीटरचाही हातभार असावा. अनेक जुन्या गाड्यांच्या मीटरवर पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा सगळी शून्यं. गाडीचं एक आयुष्य संपलं, असंच ते दिसे.

इंजिनाला मात्र या उंबरठ्याशी काही देणंघेणं नसतं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारे विज्ञानशिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ मध्ये व्होल्वो पी-१८०० घेतली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात तिच्यावर ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. २०१८ मध्ये ते वारले तेव्हाही गाडी चालत होती. त्यांची रीत साधी होती: गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलं आहे ते त्या त्या वेळी करायचं, तेल चुकवायचं नाही, नवा आवाज आला की लगेच बघायचा. ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिदिस यांनी जुनी घेतलेली १९७६ ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. त्यांनी इंजिनं आलटूनपालटून बसवली होती. एक गाडीत असताना दुसरं बांधून तयार ठेवायचं. माणसं दोन आणि पद्धती दोन, तरी दोघांचंही काम ठरल्या वेळी व्हायचं.

ही टोकाची उदाहरणं झाली. पण दीड लाख चाललेली वॅगनआर, दोन लाखांची इंडिका, पंधरा वर्षांची सँट्रो ही आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतली नेहमीची दृश्यं आहेत, आणि अशा गाड्यांबाबतची सर्वात मोठी चूक म्हणजे त्यांचं वय फक्त किलोमीटरमध्ये मोजणं. गाडीतले धातूचे भाग टिकाऊ असतात. क्रँक, पिस्टन, गिअरचे दाते यांना वेळेवर तेल मिळालं तर ते दोन-तीन लाख किलोमीटर सहज काढतात. आधी थकतं ते रबर आणि बिघडतात ती द्रव्यं. ती मीटरकडे बघत नाहीत. ती कॅलेंडरप्रमाणे म्हातारी होतात. म्हणूनच पुस्तिकेत प्रत्येक कामापुढे किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतात, आणि ‘यातलं जे आधी येईल ते’ असंही लिहिलेलं असतं. हेच पाच शब्द सर्वात जास्त दुर्लक्षिले जातात.

तेलापासून सुरुवात करू, कारण वादही तिथेच जास्त आहेत. इंजिन ऑइल काळं झालं म्हणजे वाया गेलं, असा समज आहे. चांगल्या तेलात काजळी उचलून धरणारी रसायनं असतात, त्यामुळे ते काळं होणारच. डिझेल गाडीत तर बदलल्यावर शे-दोनशे किलोमीटरमध्येच काळपट दिसतं. बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी तेलाची पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून काढायची. पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये बहुतेक छोट्या गाड्यांत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. दर हजार किलोमीटरला पातळी किती उतरली, याची नोंद ठेवली की इंजिनाची तब्येत कळते. थोडं तेल खाणं हे लाखाच्या पुढच्या गाडीला शोभतं. घाबरायचं ते पट्टीवर दुधाळ, दाट चहासारखा फेस दिसला तर. याचा अर्थ कूलंटचं पाणी तेलात उतरतंय, बहुधा हेड गॅस्केटमधून. त्या अवस्थेत गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवू नये, टोचन करून न्यावी.

धुराचंही असंच आहे. सकाळी स्टार्ट करताना एकदाच निळा भपकारा आला आणि गेला, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झालेले असतात; काम त्यामानाने लहान. अॅक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येतच राहिला, तर पिस्टनच्या रिंगा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघावा. हा फरक न कळल्यामुळे सीलच्या दुखण्यासाठी आख्खं इंजिन उतरवलं जातं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

जुन्या गाडीत जाड तेल घालावं का, हा गॅरेजमधला कायमचा वाद. पद्मिनीच्या पिढीत २०डब्ल्यू-५० हेच योग्य होतं. सैल झालेल्या जुन्या इंजिनात एक पायरी जाड तेल घातल्याने तेल खाणं कमी होतं, हेही खरं. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांतली इंजिनं पातळ तेलासाठीच बनली आहेत. तेलाच्या वाटा अरुंद, आणि कित्येकांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही तेलाच्याच दाबावर चालते. तिथे एकदम २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळच्या पहिल्या काही क्षणांत वरच्या भागापर्यंत तेल उशिरा पोचतं. झीज नेमकी तेव्हाच होते. कंपनीने सांगितलेल्या दर्जांपैकी जाड बाजूचा निवडावा, त्याच्याही पुढे उडी मारू नये. आणि दर्जा कुठलाही असो, महागडं तेल दोन वर्षं ठेवण्यापेक्षा साधं, योग्य तेल वर्षाला बदललेलं बरं. गिअरबॉक्सच्या तेलाची तर अनेक मालकांना आयुष्यभर आठवणच होत नाही. ४०-५० हजारांत एकदा ते बदललं की दुसरा गिअर टाकताना लागणारी कुरकूर पुष्कळदा तिथेच थांबते.

सर्वात जास्त जुनी इंजिनं मरतात ती मात्र तापून. मे महिन्यात खंबाटकी किंवा आंबेनळी चढताना वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली गाडी, शेजारी पाण्याची बाटली घेतलेलं कुटुंब, हे चित्र कुणाला नवं नाही. त्या बाटलीतलं पाणी हीच बऱ्याचदा दुखण्याची सुरुवात असते. रेडिएटरमध्ये निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण हवं. त्यातली रसायनं गंज रोखतात, आणि झाकणाच्या दाबामुळे ते १२० अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. एकदा अडचणीत साधं पाणी घातलं, मग दुसऱ्यांदा घातलं, असं करत दोन वर्षांत आत पाणीच उरतं. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याने घरातल्या गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो, तसाच रेडिएटरच्या नळ्यांतही चढतो. मग पाण्याचा पंप गळायला लागतो आणि अॅल्युमिनियमचं हेड एका चढावर वाकतं.

यात एक जुना प्रघात फार नुकसान करतो. गाडी तापते म्हटलं की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो. पाणी सतत फिरत राहतं, काटा खाली येतो, मालक खूश होतो. पण थर्मोस्टॅटचं काम इंजिनाला लवकर योग्य तापमानाला आणून तिथेच ठेवण्याचं असतं. तो नसला की इंजिन थंडच चालतं. कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त पेट्रोल पाठवतो, न जळालेलं पेट्रोल भिंतींवरून तेलात उतरतं, तेल पातळ होतं, रिंगा झिजतात. आणि तापण्याचं मूळ कारण, चोंदलेला रेडिएटर किंवा अडकणारा पंखा, तसंच राहतं. थर्मोस्टॅट हा काही शे रुपयांचा भाग आहे. अडकला असेल तर नवा बसवावा. काढून टाकणं हा इलाज नाही.

घरच्या घरी करण्याची तपासणी पाच मिनिटांची आहे. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे वरचे-खालचे रबरी होज दोन बोटांत दाबून बघायचे. चांगला होज दाबला की उसळून परत येतो. म्हातारा झालेला एकतर वाळल्या पापडासारखा करकरतो, नाहीतर क्लिपजवळ फुगून भिजल्या पावासारखा मऊ लागतो. दोन्ही बदलायचे. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कुणीही, कधीही उघडू नये. दाब सुटला की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

टायमिंग बेल्टचं प्रकरण थोडक्यात पण ठामपणे सांगायला हवं. मारुती ८००, जुनी अल्टो, सँट्रो, पिंपरीत बनलेली डिझेल इंडिका, अशा अनेक गाड्यांत क्रँक आणि व्हॉल्व्ह यांची वेळ सांभाळणारा पट्टा दातेरी रबराचा असतो. तो तुटण्याआधी आवाज करत नाही, दिवा लावत नाही. कित्येक इंजिनांत तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि हजारांचं काम चाळीस-पन्नास हजारांवर जातं. गाडीगणिक आकडा बदलतो, पण लाखाच्या आत किंवा पाच-सहा वर्षांत तो बदलावा. सोबत टेन्शनर आणि पाण्याचा पंपही, कारण तिथपर्यंत पोचण्याची मजुरी एकदाच पडते. जुनी गाडी घेतल्यावर बेल्ट कधी बदलला याचं बिल हातात नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरून चालावं. रांजणगावात बनलेल्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलसारख्या इंजिनांत साखळी असते. ती सैल झाली की सकाळी खळखळते, म्हणजे निदान सांगून तरी जाते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर जास्तच. डॉट ४ दर्जाचं कोरं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. ओल शोषलेल्यासाठी ठरवलेली किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. पोलादपूरकडे घाट उतरताना पंधरा मिनिटं सतत ब्रेकवर पाय राहिला की डिस्कजवळचं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल स्पंजासारखं आत जातं. जुने ड्रायव्हर सांगतात, ‘ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.’ त्यामागे हेच शास्त्र आहे. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं ही त्याचीच दुसरी बाजू. बाटलीतली पातळी भरून ठेवणं म्हणजे बदलणं नव्हे. ती पातळी सारखी उतरत असेल, तर मागच्या चाकाच्या ड्रममध्ये सिलिंडर गळतोय का, हे खोलून बघायलाच हवं.

गाडीखाली शिरलं की रबराचं राज्य दिसतं. पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या अॅक्सलच्या टोकाला अकॉर्डियनच्या भात्यासारखं रबरी बूट असतं. आत ग्रीस भरलेलं. दहा-बारा वर्षांनी त्या चुण्यांपैकी एकीत केसाएवढी चीर पडते. चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या शिंतोड्यांची माळ दिसते. हीच ती वेळ. बूट काही शे रुपयांत होतं. हे शिंतोडे कुणी पाहिले नाहीत, तर पावसाळ्यात त्याच चिरेतून चिखल आत जातो आणि दिवाळीपर्यंत गाडी वळवताना कटकट वाजायला लागते. तेव्हा आख्खा अॅक्सल बदलावा लागतो. लोअर आर्मचे बुश, इंजिनाचे माउंटिंग, शॉकअब्सॉर्बर यांचीही गोष्ट अशीच. आपल्या खड्ड्यांत हे भाग कंपनीच्या अंदाजापेक्षा आधीच जातात. बुश गेलेले असताना अलाइनमेंट करून घेणं म्हणजे पैसे वाया.

टायरवर नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर चांगला, हेही अर्धसत्य. कडेला चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांनी रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर सरकतं. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पावसाळ्याला ती कमीच. बॅटरी तीन-चार वर्षं चालते. बंद गाडीत मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट आणि चालू इंजिनात चौदाच्या आसपास दिसलं तर बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींकडे काळजीचं कारण नाही.

महाराष्ट्रात गाडीला खरा शत्रू पाणी. दरवाज्यांच्या खालच्या कडेला निचऱ्याची छोटी भोकं असतात. पालापाचोळा आणि धुळीने ती बुजली की दरवाजा आतून सडतो. काचेखालच्या जाळीतला कचरा काढला नाही तर पाणी केबिनमध्ये उतरतं, मॅटखाली साचतं, आणि फ्लोअर गंजून वेल्डिंगची वेळ येईपर्यंत कुणाला कळत नाही. अलिबाग-तारकर्लीला गाडी वाळूवर नेण्याची हौस असणाऱ्यांनी परतल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी. पुरात बुडालेली गाडी तर स्टार्टच करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा चावी फिरवण्याच्या घाईने बुडालेल्या अनेक इंजिनांचा उरलासुरला जीवही गेला.

अलीकडे भर पडली आहे ती पेट्रोलमधल्या इथेनॉलची. २०२५ पासून पंपावर २० टक्के मिश्रण हेच नेहमीचं पेट्रोल झालं. महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला त्याचा फायदा आहे आणि ते महत्त्वाचंही आहे. पण इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा अॅव्हरेज थोडं उतरणार. २०२३ च्या आधीच्या गाड्यांतलं रबर आणि गॅस्केट या मिश्रणासाठी बनलेलं नव्हतं. काही जुन्या गाड्यांत ते २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावं लागू शकेल, असं पेट्रोलियम मंत्रालयानेही म्हटलं आहे. पंधरा वर्षांच्या गाडीत इंधनाचे पाइप हुंगून आणि हात फिरवून बघणं आता दर सर्व्हिसिंगचा भाग करायला हवं. पेट्रोलचा वास ही थांबण्याची खूण आहे. सीएनजी बसवलेली असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी कायद्यानेच सक्तीची आहे, आणि ती चुकवण्यात सगळ्या कुटुंबाचा जीव पणाला लागतो.

वय किलोमीटरमध्ये मोजण्याच्या चुकीची दुसरी बाजू पुण्यातल्या सोसायट्यांत झाकणाखाली उभी आहे. मुलं अमेरिकेत, आईवडील सत्तरीत, गाडी चौदा वर्षांची आणि रनिंग तीस हजारांच्या आसपास. बाजार तिला हिरा म्हणतो. पण तिचा टायमिंग बेल्ट चौदा वर्षांचा आहे, ब्रेक ऑइल कुणी बदललेलं नाही, टायर एकाच जागी दबलेले, टाकीत महिनोन्महिने जुनं पेट्रोल आणि बॉनेटखाली उंदराने कुरतडलेल्या वायरी. रोज महामार्गावर पळून दोन लाख झालेली, वेळच्या वेळी सांभाळलेली गाडी तिच्यापेक्षा कितीतरी विश्वासाची. इंजिनाला सर्वात जास्त त्रास थंड स्टार्ट आणि छोट्या फेऱ्यांचा होतो. अशी उभी राहणारी गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी फिरवावी. जागेवर उभं ठेवून दहा मिनिटं इंजिन चालू करण्याने तेलातली ओल जात नाही.

दुरुस्ती कुठे करावी, यावर एकच उत्तर नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर जुन्या गाडीला पुष्कळदा अख्खा सुटा भाग बदलून देतं, कारण तिथे भाग खोलून नीट करायला वेळ नसतो. गल्लीतला जाणता फिटर तोच भाग बुश बदलून चालता करतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर आणि कुर्ला इथे बंद पडलेल्या मॉडेलचेही सुटे भाग मिळतात. बाहेरच्या आरशापासून गिअर लीव्हरपर्यंत काहीही जुनं घ्यावं. ब्रेक, स्टिअरिंग, बेल्ट आणि फिल्टर मात्र अस्सल आणि नवेच. काढलेला जुना भाग परत मागायचा, बिलावर मीटरचा आकडा लिहून घ्यायचा, आणि ते सगळं डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या एका वहीत ठेवायचं. विकताना ही वही रंगरंगोटीपेक्षा जास्त पैसे मिळवून देते.

खर्चाचा हिशेब बहुतेक घरांत चुकीच्या बाजूने मांडला जातो. ‘गाडीची किंमत ऐंशी हजार आणि काम चाळीस हजारांचं!’ असं म्हणून गाडी विकली जाते. तुलना हवी ती नव्या गाडीच्या हप्त्याशी. महिना बारा हजारांचा हप्ता म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. त्या तुलनेत दोन वर्षांतून एकदा चाळीस हजारांचं काम ही बचतच आहे, जर सांगाडा ठणठणीत असेल तर. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी ती वाढवता येते. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० रुपये ठरले. शिवाय पर्यावरण कर. तरीही वर्षभराच्या हप्त्यांपेक्षा ते कमीच आहे.

काही गोष्टी मात्र देखभालीने येत नाहीत, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१९ पूर्वीच्या स्वस्त मॉडेलमध्ये बहुतेकदा ना एअरबॅग, ना एबीएस. कितीही नीट ठेवलेली गाडी बीएस-६ इतका स्वच्छ धूर सोडत नाही. रोज द्रुतगती मार्गावर मुलांना घेऊन जाणाऱ्या घराने याचा विचार बेल्ट आणि बुशच्या आधी करावा. गावातल्या गावात, शेतावर, बाजारहाटाला फिरणाऱ्या गाडीचं गणित वेगळं.

आणि काही गाड्यांचा निकाल पंक्चर काढताना लागतो. जॅक नेहमीच्या खाचेला लावला, हँडल फिरवलं, की गाडी उचलली जाण्याऐवजी पत्र्याचा कुरकुरणारा आवाज येतो आणि जॅकच दरवाज्याखालच्या सिलच्या आत शिरतो. आतलं लोखंड गंजून पापुद्रे झालेलं असतं. तिथे वेल्डिंग करून पट्टी मारता येते, पण अपघातात प्रवाशांना वाचवणारं बळ त्या पट्टीत नसतं. अशी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी, आरटीओतली नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी, आणि मिळालेलं ठेव प्रमाणपत्र नव्या गाडीच्या कराच्या सवलतीसाठी जपून ठेवावं.